मायक्रोफिल्मवर अक्षरं पुन्हा पुन्हा तुटतात? डेव्हलपर ओतून देण्याआधी हे बघा

तक्रार दर वेळी साधारण त्याच शब्दांत येते: "फिल्म झकास आहे, पण मधल्या काही पानांवरची अक्षरं तुटलीत." रीळ लाइट टेबलवर पसरायचं, भिंग लावायचं. सुरुवातीचं टार्गेट (तपासणीसाठी घेतलेला रेघांचा नमुना) लख्ख. पहिल्या तीनशे-चारशे फ्रेम लख्ख. मग एका ठिकाणापासून शब्दांवरचे अनुस्वार विरळ व्हायला लागतात, 'र'ची शेपटी अर्ध्यात तुटते, हिशेबाच्या वहीतल्या आडव्या रेघा मोजल्या तर सहा-सात रेघांमागे एक गायब. दीडशे फ्रेम असं चालतं आणि मग एकदम सगळं पुन्हा ठाकठीक.

यावर ठरलेला उपाय असा की डेव्हलपर (फिल्मवर प्रतिमा उमटवणारं रसायन) बदला, लेन्स पुसा, रोलर धुवा, फोकस तपासा. हे केल्यावर पुढचं रीळ चांगलं येतं, म्हणून सगळे समाधानी. महिना-दीड महिन्याने तीच तक्रार. आमच्याकडे हा खेळ जवळजवळ वर्षभर चालला. पुढचं रीळ चांगलं यायचं ते रसायन ताजं होतं म्हणून नव्हे, त्या रिळात वेगळा गठ्ठा होता म्हणून. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला वर्ष लागलं, कारण स्कॅनिंग एका खोलीत, फिल्म दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही खोल्यांच्या नोंदवह्या कुणीच शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

हे लिखाण स्कॅन केलेल्या फाइली आर्काइव्ह रायटरवरून (डिजिटल फाइल फिल्मवर उमटवणारं यंत्र) १६ मिमी सिल्व्हर फिल्मवर उतरवणाऱ्यांसाठी आहे. कॅमेऱ्याने थेट कागदाचं चित्रण करणाऱ्यांना यातलं अर्धं लागू पडणार नाही.

फिल्म खरंच एवढी कमी पडते का?

आधी थोडा हिशेब करू, म्हणजे संशय कुठे घ्यायचा ते कळेल. अगदी बारीक छपाईतला अनुस्वार साधारण ०.४ मिमी व्यासाचा धरा. २४ पट रिडक्शनला, म्हणजे २४ पट लहान केल्यावर, तो फिल्मवर सुमारे १७ मायक्रॉनचा होतो. टार्गेटवरचा ५.० क्रमांकाचा रेघांचा संच सुटा दिसत असेल, तर ५ गुणिले २४, म्हणजे मिलिमीटरला १२० रेषाजोड्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) तुमची यंत्रणा पेलते आहे. अशा जोडीतल्या एका रेघेची जाडी चार मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे जी फिल्म चार मायक्रॉनची रेघ दाखवते, तीच १७ मायक्रॉनचा ठिपका गिळते आहे, असं आपण म्हणत असतो. हे पटण्यासारखं नाही. तो ठिपका फिल्मपर्यंत पोचलाच नसणार.

मग टार्गेट लख्ख आणि पान खराब, हे कसं? यातली मेख अशी की यंत्रासोबत येणारं टार्गेट बहुधा यंत्राच्या स्वतःच्या बिंदूंच्या मापात आखलेलं असतं. ते जसंच्या तसं फिल्मवर जातं, त्याचा आकार कुठेही बदलत नाही. तुमचं पान मात्र सॉफ्टवेअरच्या हातून जातं आणि ते सॉफ्टवेअर गरज वाटली की पान लहान-मोठं करतं. टार्गेट हमरस्त्याने गेलं, पान गल्लीबोळातून. त्यामुळे टार्गेट चांगलं आलं याचा अर्थ लेन्स, प्रकाश, फिल्म आणि रसायन ठीक आहेत, एवढाच. पानाचं पुढे-मागे काय झालं ते त्यावरून कळत नाही. टार्गेटही खराब असेल तर यंत्राकडे आणि रसायनाकडे वळा (त्याबद्दल खाली थोडं आहे). टार्गेट चांगलं आणि पान खराब असेल तर फिल्म डेव्हलप करणाऱ्या प्रोसेसरला हात लावू नका, फाइल उघडा.

सातवी ओळ

आमच्या बाबतीत काय निघालं ते सांगतो, कारण हाच दोष वेगवेगळ्या वेशात पुन्हा भेटतो.

३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) स्कॅन केलेलं ए-४ पान उंचीला सुमारे ३५०८ पिक्सेलचं असतं. समजा, रायटरच्या फ्रेममध्ये उंचीला ३६०० बिंदू बसतात. पान त्यात आरामात मावतं, एका पिक्सेलला एक बिंदू. काहीच बिघडत नाही. आता लीगल आकाराचा, १४ इंच लांबीचा कागद घ्या. तो ४२०० पिक्सेलचा होतो आणि ३६०० मध्ये मावत नाही. 'फ्रेममध्ये बसवा' हा पर्याय चालू असेल तर सॉफ्टवेअर न विचारता पान सहा-सप्तमांश करतं. कृष्णधवल, म्हणजे एका पिक्सेलला एकच बिट असलेली फाइल असेल, तर लहान करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दर सातवी ओळ टाकून देणं. एका पिक्सेलची आडवी रेघ नेमकी त्या ओळीवर असली की गेली. दोन पिक्सेलची रेघ कुठे दोनची राहते, कुठे एकची होते. उभ्या दिशेने, स्तंभांच्या बाबतीतही तेच. वहीतली सहा-सात रेघांमागची एक रेघ का गायब होत होती, याचं उत्तर इथे होतं.

पण गंमत अशी की आमच्या त्या गठ्ठ्यात लीगल कागद नव्हतेच. सगळी ए-४ पानं. फ्रेम भिंगाखाली पुन्हा नीट पाहिली तेव्हा दिसलं की प्रत्येक पानाच्या खाली एक कोरी पट्टी आहे आणि अक्षरं शेजारच्या गठ्ठ्यापेक्षा किंचित लहान आहेत. वर्षभर ती पट्टी डोळ्यांसमोर होती. आम्ही सगळे अक्षरांकडे बघत होतो. झालं होतं असं: स्कॅनिंगवाल्यांनी आधीच्या पेटीत लीगल कागद आले म्हणून पानाची लांबी १४ इंचांवर नेली आणि पुढच्या पेटीला ती परत आणायची राहून गेली. पान ११.७ इंचांचं, फाइल १४ इंचांची, खाली २.३ इंच कोरं. सॉफ्टवेअरला कोऱ्या पट्टीशी देणंघेणं नव्हतं. त्याने अख्खी फाइल इमानेइतबारे आत बसवली. लीगल कागद आले की पुढची पेटी बिघडायची. तक्रार ठरावीक काळाने परत येण्याचं गूढ ते एवढंच.

उपाय करताना पहिलं काम: 'फ्रेममध्ये बसवा' बंद करा. न मावणारी फाइल आली तर सॉफ्टवेअरने थांबून ओरडलं पाहिजे. गुपचूप काम उरकणारं यंत्र अभिलेखागारात नको. काही सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय पूर्ण बंद होत नाही. मग फाइली रायटरकडे पाठवण्यापूर्वीच पिक्सेलची उंची तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा. कोऱ्या कडा कापून टाका, पण कापताना समासातल्या नोंदी आणि पृष्ठक्रमांक शाबूत राहतात ना, ते माणसाने पाहावं. आपोआप कड कापणाऱ्या सोयीने आमच्याकडे एकदा फिक्या शाईतले पृष्ठक्रमांक साफ केले होते.

खरोखरच लांब कागद असेल तर पान आडवं करून लांब बाजू फिल्मच्या लांबीच्या दिशेने घ्या. त्या दिशेला जागेची टंचाई नसते. थोडी जास्त फिल्म लागेल, एवढंच. हे जमत नसेल आणि लहान करावंच लागणार असेल, तर ते काम रायटरवर सोपवू नका. फाइल आधी आठ बिट ग्रेमध्ये न्या, शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढणाऱ्या पद्धतीने लहान करा आणि मग पुन्हा कृष्णधवल करा. बारीक रेघ अशा वेळी काळी न राहता करडी होते, म्हणून काळं-पांढरं ठरवायची सीमा थोडी सैल ठेवावी लागते. दहा नमुना पानं करून फिल्मवर बघा आणि मगच गठ्ठा लावा.

एक्स्पोजर वाढवायचा मोह

अक्षरं फिकट दिसतात म्हणून एक्स्पोजर वाढवणारे बरेच भेटतात. निगेटिव्ह फिल्मवर याचा परिणाम नेमका उलटा होतो. कागदाचा पांढरा भाग फिल्मवर काळा होतो, अक्षर म्हणजे त्या काळ्यात राहिलेली पारदर्शक फट. प्रकाश वाढवला की पार्श्वभूमीचा काळा भाग कडांवरून त्या फटीत पसरतो आणि बारीक रेघा बुजतात. तुटकं अक्षर जोडलं जात नाहीच, धडधाकट अक्षरही गळू लागतं. पार्श्वभूमीची घनता, म्हणजे काळेपणा, डेन्सिटोमीटरने मोजा. चांगल्या, ठळक मजकुराला १.० ते १.२, आणि पेन्सिल किंवा फिकी शाई असेल तर ०.८ ते १.० या पट्ट्यात असेल तर एक्स्पोजरला हात लावण्याचं कारण नाही. न उजळलेल्या, कोऱ्या फिल्मची घनता ०.१० च्या आत हवी. ती चढली असेल तर गोष्ट वेगळी.

आपलं स्वतःचं टेस्ट पान

यंत्राचं टार्गेट हमरस्त्याने जातं म्हटलं, तर गल्लीतून जाणारं एक टार्गेटही हवं. आम्ही आता प्रत्येक पेटीच्या सुरुवातीला आणि शेवटी एक कागदी टेस्ट पान स्कॅन करतो. त्याच स्कॅनरवर, त्याच सेटिंगला, पेटीतल्या पानांसारखंच. त्यावर मधोमध आणि चारही कोपऱ्यांत आयएसओचा क्रमांक २ चा टेस्ट चार्ट आहे, एका बाजूला ठरावीक लांबीची पट्टी आहे, आणि खाली तीन आकारांत छापलेल्या दोन ओळी: अनुस्वार, चंद्रबिंदू, हलन्त, रफार, पायमोडकी जोडाक्षरं, सगळे त्रासदायक गडी एकत्र. इंग्रजी मजकुराच्या गुणवत्तेसाठी छोट्या 'e' या अक्षराची उंची मोजायची पद्धत आहे. देवनागरीत तो निकष कामाचा नाही, कारण आपला अर्थ अक्षराच्या डोक्यावरच्या ठिपक्यात असतो. ०.४ मिमीचा ठिपका ३०० डीपीआयला जेमतेम पाच पिक्सेल रुंद, २०० डीपीआयला तीन. तिनातला एक गेला की ठिपका आहे की कागदावरची घाण, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. बारीक देवनागरी कृष्णधवलमध्ये स्कॅन करायची असेल तर ४०० डीपीआयच्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मग रायटरचं रिडक्शनही त्या हिशेबाने आधीच ठरवून घ्यावं.

हे पान फिल्मवर आलं की १०० पट सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी बघायच्या: कोणता संच सुटा दिसतो, पट्टीची लांबी भागिले रिडक्शन बरोबर येते का, आणि ओळींतले ठिपके पूर्ण आहेत का. पट्टी चुकीची आली की समजावं, वाटेत कुणीतरी आकार बदललाय. पाच मिनिटांचं काम.

आकार बदलणारे इतर चोर

लांबीच्या सेटिंगखालोखाल त्रास देतो तो टिफ (स्कॅनची प्रतिमा साठवायचा प्रकार) फाइलमधला डीपीआयचा टॅग. पिक्सेल बरोबर असतात, पण 'इंचाला किती' ही नोंद चुकीची किंवा नसतेच. नोंद नसेल तर सॉफ्टवेअर मनाने एखादा आकडा धरतं. ३०० च्या फाइलला ६०० धरलं की पान निम्मं. एक जास्त फसवा प्रकार म्हणजे एककाचा. टिफमध्ये २९६ क्रमांकाचा टॅग एकक सांगतो: २ म्हणजे इंच, ३ म्हणजे सेंटिमीटर. फाइलमध्ये ११८.११ प्रति सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं, जे बरोबर ३०० डीपीआयच आहे, पण सॉफ्टवेअर एकक न वाचता ११८ डीपीआय समजतं. मग २९.७ सेंटिमीटरचं पान त्याच्या लेखी २९.७ इंचांचं होतं आणि पुन्हा तोच 'बसवा'चा उद्योग सुरू. एकाच रिळात पानांचे आकार वर-खाली दिसत असतील तर आधी इथे बघा. एक्झिफटूल किंवा इमेजमॅजिकसारख्या साधनाने अख्ख्या फोल्डरचे टॅग एका तक्त्यात काढता येतात. रकान्यात वेगळा आकडा लगेच डोळ्यात भरतो.

मधूनच एखादं पान उलटं, म्हणजे काळ्यावर पांढरं येत असेल तर तो २६२ क्रमांकाचा टॅग: ० असेल तर शून्य म्हणजे पांढरं, १ असेल तर शून्य म्हणजे काळं. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइली एकत्र केल्या की हे हमखास होतं. टॅग आणि पिक्सेल दोन्ही एकाच पद्धतीचे करून घ्या; नुसता टॅग बदललात तर बरोबर असलेली पानंही उलटतील.

ग्रे किंवा रंगीत स्कॅन थेट रायटरकडे पाठवणं हाही घोळ आहे. रायटर ग्रे छटा पेलत नसेल तर तो स्वतःच काळं-पांढरं करतो, बहुतेक वेळा सरसकट एकाच सीमेवर. पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात ओल, सहीवर जांभळा शिक्का, अशा पानाला एकच सीमा कधीच पुरत नाही: ओलीचा डाग काळा होतो, नाहीतर शिक्का उडतो. पानाच्या त्या-त्या भागापुरती सीमा ठरवणारी सौवोलासारखी पद्धत वापरून आधीच रूपांतर करा. छायाचित्रं मात्र वेगळी काढा. त्यांना जाळीदार ठिपक्यांचं रूपांतर लागतं, आणि अशा पानाचा आकार नंतर जराही बदलला की त्यावर पट्ट्यांची नक्षी उमटते.

फाइली पीडीएफमधून आल्या असतील तर आतलं कॉम्प्रेशन विचारा. जेबिग-२ च्या नुकसानकारी प्रकारात एकसारखी दिसणारी चिन्हं एकमेकांच्या जागी वापरली जातात. २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रीझल यांनी दाखवून दिलं होतं की अशा पद्धतीने स्कॅन झालेल्या कागदांवर ६ चा ८ झालेला असू शकतो, तोही अगदी स्वच्छ, सुबक. तुटलेलं अक्षर निदान तुटलेलं दिसतं. हा आकडा कुणालाच खटकणार नाही, आणि आपण तो शेकडो वर्षं टिकेल अशा फिल्मवर कोरून ठेवू. कृष्णधवलसाठी ग्रुप ४ हे नुकसान न करणारं कॉम्प्रेशन घ्या, वाद नको.

दोष खरंच फिल्मचा असेल तर

टार्गेटही खराब असेल तेव्हाच इकडे या. रिळाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत घनता हळूहळू उतरत असेल तर डेव्हलपर थकलाय किंवा भरपाईचा पंप नीट चालत नाही. सुट्टीनंतरचं पहिलंच रीळ फिकट असेल तर टाकीतला डेव्हलपर हवेने मेला आहे; आधी नियंत्रण पट्टी (चाचणीसाठीचा फिल्मचा तुकडा) काढा. मधला चार्ट स्पष्ट आणि कोपऱ्यातले धूसर असतील तर फोकस किंवा फिल्म सपाट बसत नाही. लांबीच्या दिशेने सलग ओरखडा म्हणजे कुठल्यातरी रोलरवर कचरा. झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा दिसल्या तर स्थिर वीज. खोली फार कोरडी झाली आहे.

धुलाईतला दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सगळ्यात धोक्याचा. फिक्सरमधलं थायोसल्फेट फिल्ममध्ये उरलं तर काही वर्षांनी प्रतिमा पिवळी पडून विरते. दीर्घकालीन जतनासाठी मर्यादा चौरस मीटरला ०.०१४ ग्रॅमची आहे आणि मिथिलीन ब्लू चाचणी प्रक्रिया झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत व्हायला हवी. पॉलिएस्टर बेसच्या सिल्व्हर फिल्मचं आयुष्य ५०० वर्षं सांगतात ते ही चाचणी पार पडली, आणि पुढे तापमान २१ अंशांच्या व आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली नाही तरच. व्हिनेगरचा वास येणारी जुनी ॲसिटेट रिळं त्याच कपाटात ठेवू नका.

रीळ बिघडलंय, आता?

कॅमेऱ्याच्या काळात खराब फ्रेम पुन्हा काढून तुकडा जोडायची पद्धत होती. फाइली हाताशी असतील तर मी अख्खं रीळ नव्याने काढतो. ३०.५ मीटरच्या रिळात २४ पटीला अडीच-तीन हजार फ्रेम बसतात. यंत्राला त्याचं काही वाटत नाही, आणि मास्टरमध्ये, म्हणजे जतनाच्या मूळ रिळात, जोड राहत नाही. जोडावंच लागलं तर पॉलिएस्टरला अल्ट्रासॉनिक जोड द्या, चिकटपट्टी कधीही नाही. नवीन रिळाआधी फाइलींचा क्रमही बघून घ्या: १ नंतर १०, मग ११, आणि २ कुठेतरी खाली, हा प्रकार नावात शून्य न भरल्याने होतो. बहुपानी टिफमधलं पहिलंच पान घेतलं गेलंय का, तेही. फाइलींतल्या पानांची संख्या आणि फिल्मवर प्रत्येक फ्रेमला पडणाऱ्या खुणांची संख्या जुळली नाही तर रीळ डब्यात जाऊ देऊ नका.

मास्टर रीळ तपासायला वाचकयंत्रावर चढवायचं नाही. लाइट टेबल, हातमोजे, भिंग.

इतकं करूनही काही पानं तुटकीच राहतात. आकार बदललेला नसतो, टॅग बरोबर असतात, टेस्ट पान स्वच्छ असतं, तरी अनुस्वार नसतो, कारण तो स्कॅनमध्येच नाही. कागद उपलब्ध असेल तर पुन्हा स्कॅन करा. कागद नष्ट झाला असेल तर सॉफ्टवेअरने अक्षरं भरून काढायचा खटाटोप करू नका. त्या पानाच्या आधीच्या फ्रेममध्ये ठळक अक्षरांत फलक टाका: 'मूळ स्कॅन अस्पष्ट. २०० डीपीआय. मूळ कागद उपलब्ध नाही.' खाली तारीख आणि पेटीचा क्रमांक. आमच्या अनुक्रमणिकेत अशा फ्रेमसमोर आता वेगळी खूण असते.